मंडईचं सोंग

केशोरी,
ता. ६ नोव्हेंबर १९३८

चिरंजीव दुधराम यास ताईचा आशीर्वाद.

इकडे हलका धान कापून झाला, भारी अजून उभा आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. तेल शेजारच्या रुख्माकडून लावून घेतात.

नागपूरहून पाठवलेली तुझी खुनाची कथा वाचली. मासिकाला देण्याआधी मला विचारलंस, एवढी अक्कल शहरात जाऊनही शाबूत आहे म्हणायची. तो हवालदार चोर समजून स्वतःच्याच सासऱ्याला बेड्या घालतो, तिथे मी तोंडात पदर कोंबून हसले. या घरात मला लपूनच हसावं लागतं.

पण तुझे भाऊजी कथेत पांढऱ्या धोतरात मरतात, कपाळाला गंध लावून. अरे, ते असे होते का? दरवर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, रात्रभरच्या दंडारीच्या खेळात बाईचं सोंग घ्यायला माझंच लुगडं न्यायचे आणि माझं फणकारणं साऱ्या गावाला करून दाखवायचे. सासूबाई तर डोळे पुसत हसायच्या. मी वरून रागवायची. गेल्या वर्षी ते त्याच लुगड्यात मेले, हे तू लाजून गाळलंस.

आणि एक गोष्ट माझी अब्रू राखायला गाळलीस. दंडार संपून उजाडलं तरी ते आले नाहीत, म्हणून मी शोधत निघाले. तलावाच्या पाळीवर ते पडले होते. भोवती माणसं उभी होती. मला घाबरवायला ते असे नेहमीच पडून राहायचे. गालावर लाली तशीच होती. मला हसू आलं. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "उठा ना जी, माझं लुगडं मळून राहिलं." खांदा हलवला तेव्हा डोक्यामागची जखम दिसली.

तुझ्या कथेत खुनी सापडतो. इथे वर्ष झालं, पोलिसांना कोणी सापडला नाही, मग लोक माझ्याकडेच बघू लागले. सासूबाई स्वतः म्हणाल्या, "नवरा मरून पडला आन् हे बाई हासून राहिली." तेव्हापासून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. मी हसले तर होतेच. रोज जीव जळतो, दुधराम.

छापायला माझी ना नाही. हवालदारही राहू दे. पण भाऊजींना माझं लुगडं नेसव, गालाला लाली लाव आणि मला त्यांच्याजवळ उभी राहून हसू दे. अंक आला की तू स्वतः ये आणि सासूबाईंसमोर मोठ्याने वाच. त्या जागी त्यांनाही हसू आलं, तर मी सुटले. नाही आलं, तर कथा अजून जमली नाही असं समज आणि पुन्हा लिही.

तुझी ताई, आणि त्यांची बायको,
धुरपता