मागे पडलेलं घड्याळ

४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे पत्र दवाखान्यातल्या खाटेवरून लिहितोय. घाबरू नकोस आणि तुझ्या वहिनीला कळवू नकोस. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. कळलं तर ओल्या बाळंतिणीला तिथंच सोडून येईल आणि मला फाडून खाईल.

ती गेल्यापासून चार दिवस माझ्या रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या घ्यायच्या राहिल्या. मी पडलो घड्याळजी. घड्याळ जेवढं मागे पडलं तेवढं पुढे करायचं, हेच जन्मभर केलं. परवा सकाळी चारही दिवसांच्या गोळ्या चहाबरोबर एकदम घेतल्या आणि वेळेवर आलो म्हणून खूश झालो.

तासाभरात दुकानात गरगरायला लागलं. भिंतीवरच्या घड्याळावर नाडी मोजली, तर मिनिटाला अडतीस. माझी नाडी कायम बहात्तर, म्हणजे घड्याळच पुढे धावतंय हे उघड होतं. ते हळू चालावं म्हणून स्टुलावर चढून त्याचा लंबक खाली उतरवला. तेवढ्यात शेजारचा शिंपी आला. माझा रंग बघून त्यानं मला उचलून गाडीत कोंबलं.

इथं कोळशाचं काळं पाणी पाजलं, सलाईन लावलं, नाडी वाढवायची इंजेक्शनं दिली. छातीला वायरी आहेत. यंत्र चांगलं आहे, पण टिकटिक बेसूर.

तुझी माया आहेच, फक्त ती चिठ्ठीतून वहिनीपर्यंत पोचू देऊ नकोस.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग चांगलीच रडले. तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली. असे पेशंट गप्पा मारता मारता आडवे होताना पाहिलेत. तो शिंपी अर्धा तास उशिरा आला असता तर मी हे पत्र कुणाला लिहिलं असतं?

नीट वाच. राहून गेलेली गोळी गेली. पुढच्या वेळेला त्या वेळचीच घ्यायची, मागची भरून काढायची नाही. चुकून जास्त घेतलीस, तर बरं वाटत असलं तरी गोळ्यांचं पाकीट हातात धरून तडक दवाखाना गाठायचा. शिंप्याची वाट बघायची नाही.

वहिनीला मी सांगणार नाही. ते तूच सांगायचं आहेस.

रागावले आहे, पण माया तसूभरही कमी नाही.

तुझी धाकटी

१६ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुम्ही दोघं भावंडं मला काय समजता? काल घरात शिरताना पुढच्या दुकानातलं घड्याळ दोन तास मागे दिसलं. चाळीस वर्षांत यांचं घड्याळ दोन मिनिटंही चुकलेलं नाही. बॅग हातातच राहिली. काय झालं विचारलं, तर हे म्हणे हवा दमट आहे. मग तुझं पत्र उशीखाली सापडलं.

तोंडाचा पट्टा सोडला तो जेवणापर्यंत. आता गोळ्या माझ्या कनवटीला असतात, रोजच्या रोज हातावर ठेवते.

आज सकाळी हे स्टूल घेऊन आले, घड्याळ पुढे करू का म्हणून विचारत होते. मी नको म्हटलं. दोन तास जास्तीचे मिळालेत, राहू देत तसेच.

शिंप्याला नवा शर्ट शिवायला टाकलाय, त्याच्यासाठीच, त्याच्याच मापाचा. तुझा जीव आमच्यावर असाच असू दे.

तुझी वहिनी