नंदूची ऐपत

४ ऑगस्ट
घोडेगाव कोर्टाची नोटीस. नंदू, माझा धाकटा भाऊ, जेलमधून जमिनीच्या वाटपाचा दावा लावतोय. माझ्यावर. कोर्ट फी भरायची ऐपत नाही, माफ करा, असा अर्ज. हरकत असेल तर मी सांगायची.
घडी करून कपाटात ठेवली. मग टोमॅटो बांधायला गेलो. काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

५ ऑगस्ट
आईला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. "आठ वर्सं त्याची आई मी सांबाळली, आन दावा आमच्यावरच?" म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.
खरं लिहायचं तर, अण्णा, आमचे वडील, वारले तेव्हा वारस नोंदीत नंदूचं नाव मीच दिलं नाही. तो आत, कागदावर सही कोण आणणार? सुटून आल्यावर लावू म्हटलं. आईचा अंगठा, माझी सही, झालं काम. पुढे त्याला भेटायला जाणंही बंद पडलं. सवय झाली.

११ ऑगस्ट
तलाठी भाऊसाहेब आले, नंदूच्या ऐपतीची चौकशी करायला. चहा घेतला.
"त्याच्या नावावर काय हाय?"
"काय न्हाई."
"सातबाऱ्याला नाव?"
"न्हाई."
लिहून घेतलं. शब्द न् शब्द खरा होता. लाज वाटली.

१९ ऑगस्ट
घोडेगावला वकीलसाहेबांकडे. हरकत घ्याच म्हणाले. फी भरावी लागली की दावा तिथंच बसला, आतून पैसे कुठले आणणार? मी म्हटलं, पण त्याच्याकडे खरंच काही नाही.
"मोटारसायकल कुणाच्या नावावर आहे?"
नंदूच्याच. तीच खाली लावून वर आलो होतो.
"झालं तर मग. ऐपतदार माणूस." हसले. ॲफिडेव्हिट तयार ठेवतो म्हणाले. जमिनीचं मात्र अवाक्षर काढू नका. तिच्यात त्याचा वाटा आहे म्हणालात, की दावाच कबूल केलात.

२४ ऑगस्ट
पाऊस. टोमॅटोवर करपा. फवारणी. बाकी काही नाही.

२ सप्टें.
कोर्ट. नंदू पडद्यावर, जेलमधून. केस सगळे पांढरे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान तो. जजसाहेबांनी विचारलं, काम काय करता? "सुतारकाम करतो साहेब, हितंच." मग मी दिसलो असेन. मध्येच म्हणाला, "दादा, आई हाय ना?"
म्हणजे जिवंत आहे ना. तीन वर्षांत मी एक पत्र टाकलेलं नाही.
साहेबांनी त्याला गप्प केलं. मी मान हलवली, त्याला दिसली का कोण जाणे.
वकीलसाहेबांनी ॲफिडेव्हिट पुढे केलं, "करा सही." मी म्हटलं, वाचायचंय. चिडले. तारीख मागून घेतली, १६ ची.
घरी येऊन वाचलं. अर्जदार सधन असून फी भरण्यास समर्थ आहेत. खाली माझं नाव, सहीची जागा रिकामी.
आई ओट्यावर बसलेली. कोर्टाचं तिला कुणीतरी सांगितलेलंच.
"नंदू दिसला का रं?"
"दिसला. तू कशी हायेस इचारत व्हता."
"मंग तू काय सांगितलं?"
सांगायचं राहिलं, म्हणालो. सोळा तारखेला सांगतो.