गाडीत वजन म्हणून बसलो

प्रिय आदितीस, आज्जीचा पोट भरून आशीर्वाद.

तर आधी फाटकातनं आत आली ती तुझी सासू. हातात केळ्यांची फणी, डोक्यावर पदर. मागनं तुझे सासरे आकाराम पावणे, तोंड लालबुंद. मी दारात शेंगा फोडत बसलेली, ओळखलंच न्हाय बघ. तुम्ही कोर्टात लग्न केलंत, ना ते आपल्याकडं आले ना आपण त्यांच्याकडं गेलो, मग ओळखायचं कसं? फोटोत तुझी सासू लई जाड दिसती, तशी न्हाय ती. तुझ्या आईनं मात्र खिडकीतनं ओळखलं आणि लुगडं बदलायला आत पळाली. पावण्यांना पाणी द्यायचं सोडून.

पावणे भांडायलाच आलेले. आदल्या दिवशी तिन्हीसांजंला हुपरीच्या रस्त्यावर समोरनं गाडी आली, तिच्या पांढऱ्या उजेडानं त्यांचे डोळे दिपले आणि फटफटी थेट उसाच्या सरीत. लागलं न्हाय कुठं, चप्पल तेवढी चिखलात राहिली. उठून बघत्यात तर गाडीच्या मागच्या काचंवर तुझं नाव. तुझ्या बापाचीच गाडी ती. तू गेल्यापास्नं तुझे अण्णा, माझा बापूसो, घरात तुझं नाव काढू देत न्हाय, पण काचंवरचं काय त्यानं खरवडलं न्हाय, आणि आम्हीबी त्याला आठवण करून दिली न्हाय.

झालंतं असं, की जुन्या लाइटची काच पिवळी पडली, उजेड म्हणजे देवळातल्या समईएवढा. मग ह्यानं कोल्हापुरातनं नवीन लाइटी आणल्या आणि मोबाइलवर बघून घरीच बसवल्या. गोठ्याच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली, गाडी तिच्यासमोर लावली आणि मागचा स्क्रू पिळून पिळून उजेडाची कड रेघंच्या खाली आणली. सगळ्या गल्लीला दाखवून झालं. त्यामुळं पावण्यांनी चूक काढल्यावर बापूसो असला भडकला. म्हणाला, भिंतीवर बघा मग बोला. पण उन्हात भिंतीवर काय दिसणार? अंधार पडायला पाहिजे. आणि आपण जैन माणसं, दिवस मावळल्यावर तर जेवत न्हाय. मी म्हटलं, आधी जेवा, मग भांडा.

अशी दोघं एका पंगतीला बसली, एकमेकांकडं न बघता. दोडक्याची भाजी, भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी. पावण्यांनी कांदा मागितला न्हाय. माणूस तापट हाय पण समजूतदार हाय. तुझी सासू म्हणाली, आदितीनं मला अशीच भाजी शिकवलीया. तुझ्या बापाचा घास हातातच राहिला. मी त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली.

अंधारून आल्यावर गाडी गोठ्यासमोर लावली. उजेड बरोब्बर रेघंच्या खाली. बापूसो अशा ऐटीत उभा, की मलाच हसू यायला लागलं. पावण्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, काल गाडीत कोण होतं? मी आणि तुझी आई मागं बसून बस्तीतल्या देवाचं दर्शन घेऊन आलो होतो, आणि डिकीत पेंडीचं पोतं. पावणे म्हणाले, मग त्यांना बसवा की आत. मागं वजन पडलं की बूड दबतंय आणि गाडीचं तोंड वर उठतंय. पेंड तर म्हशीनं खायला घेतलेली, म्हणून पोत्याच्या बदली विहीणबाई आमच्याशेजारी बसल्या. बसल्या आणि एवढ्या हसल्या, की गाडी हलायला लागली. पुढं बापूसोनं लाइट लावली तर उजेड रेघ सोडून पार वर, पत्र्यावर.

मग एकजण बॉनेटात डोकं घालून स्क्रू पिळतोय, दुसरा भिंतीशी हात धरून अजून खाली, अजून खाली करतोय. आम्ही तिघी आत. तुझी सासू सांगत होती, तू पुण्यास्नं येतीस तेव्हा तुझ्यासाठी वेगळी भांडी काढती, कांदा-लसूण न लागलेली. तुझ्या आईनं तिचा हात धरला तो सोडलाच न्हाय.

उजेड खाली आला. पावणे म्हणाले, जमलं. बापूसो काय हलंना. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन खिडकीतनं आमच्याकडं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "हे काय पक्कं न्हाय. आदिती आली की तीबी मागंच बसणार. तिचं वजन धरून परत लावायला लागंल."

 मग पावणे म्हणाले, घेऊन येतो की.

आता मी लिहायला का बसले ते सांगते. तू म्हणाली होतीस, अण्णांनी स्वतः बोलावल्याशिवाय उंबरा चढणार न्हाय. फोनवर सांगावं तर तू रडतीस आणि मला ऐकू येत न्हाय. सासूनं सांगितलं तर म्हणशील, मन राखायला बोलत्यात. म्हणून त्याच्या तोंडचे शब्द होते तसे लिहिलेत. तुझ्या बापाला याच्यापेक्षा जास्त बोलावणं जमायचं न्हाय, पोरी. राजवर्धनलाबी आण, जावई पुढं बसंल. तुझ्या सासू-सासऱ्यांनी परत यायचा वायदा केलाय तो पुढच्या रविवारचा, दिवस मावळायच्या आत.

तुझीच,
आज्जी पद्मावती