चष्म्याची पावती

वाचणाऱ्यास आधी एक सूचना. तू चष्मा घरी विसरून आला असशील. दहावीच्या परीक्षेला कंपासपेटी विसरलास, स्वतःच्या लग्नात अंगठी विसरलास, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मला दवाखान्यात सोडलंस आणि न्यायला यायचं विसरलास. तेव्हा आज चष्मा आणला असशील असं समजण्याइतकी माझी बुद्धी गेलेली नाही. म्हणून या लिफाफ्यात माझं डोळ्याला लावायचं भिंग ठेवलं आहे. ते एका डोळ्याला लाव, दुसरा मीट, आणि मोठ्याने वाच. झाल्यावर परत दे. ते तुझं नाही.

मी, या कागदाच्या शेवटी जिची खूण आहे ती, वय शहात्तर, त्यात एखादं वर्ष इकडेतिकडे, पूर्वीचा धंदा काचेच्या तारांची टोकं घासणे, सध्याचा धंदा खिडकीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांना नावं ठेवणे, राहणार शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, असं लिहून ठेवते, म्हणजे मी सांगते आणि वकीलबाई लिहितात, की माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणी मला भरीस घातलेलं नाही आणि कोणी माझा हात धरलेला नाही. हात धरला की काय होतं ते मला माहीत आहे. ते पुढे येईल.

मला अक्षर येत नाही. म्हणून हा कागद वकीलबाईंनी मला वाचून दाखवला. मग त्यांना चहाला पाठवलं आणि तोच कागद खालच्या शिंप्याकडून वाचून घेतला. दोन्ही वाचनं शब्दाला शब्द जुळली. वकीलबाईंना राग आला, तो त्यांनी चहावर काढला. पण एकाच वाचणाऱ्यावर विसंबू नये हे शिकायला मला एक मुलगा खर्ची घालावा लागला आहे, आणि दुसरा नाही.

१. राहत्या दोन खोल्या माझ्या कष्टाच्या आणि माझ्या नावावर आहेत. त्या माझ्या मुलाला मिळाव्यात, पण एका अटीवर. हा कागद त्याने कारखान्यातल्या पॉलिशच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, तिथल्या बायकांसमोर, सूनबाईसमोर आणि नातीसमोर, वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायचा. परवानगीचं निमित्त सांगू नकोस. डिझाइन विभागाचा मोठा साहेब तूच आहेस, परवानगी तूच तुला दे.

कागदाची दुसरी प्रत नातीच्या हातात असेल. ती ओळीखाली बोट ठेवून ऐकेल. शब्द गाळला, बदलला, ‘वगैरे वगैरे’ म्हटलं किंवा खोकल्याच्या निमित्ताने ओळ गिळली, तर तिने बोट उचलायचं. बोट उचललं की वाचन संपलं. मग या खोल्या पॉलिशच्या खोलीतल्या बायकांच्या, पाठ टेकायला आणि डोळे मिटायला. खालचा रस्ता रुंद झाल्यापासून तू दर आठवड्याला येऊन भिंती ठोकून बघतोस. भिंती पक्क्या आहेत. आता तुझं बघू.

२. स्वयंपाकघरातलं सगळं सूनबाईला. मोठा कुकरही तिलाच. इथे आली की त्याच्याकडे ती जशी बघते तसं माझ्याकडे कधी बघितलं नाही. यातून चहाचा एक लहान चमचा वगळला आहे. त्याचं खाली सांगते.

वीस वर्षं सूनबाई तिच्या मैत्रिणींना सांगते की सासूबाई वायरिंगचं काहीतरी करायच्या. तर हे तिच्यासाठी. प्रकाश मोजायची यंत्रं असतात. रंगात, औषधात, पाण्यात काय मिसळलंय ते ती प्रकाशावरून ओळखतात. तो प्रकाश यंत्रापर्यंत न्यायला केसासारखी काचेची तार असते, तिला फायबर म्हणतात. तार यंत्राच्या तोंडाशी ज्याने बसते तो कनेक्टर. तारेचं टोक आरशासारखं घासावं लागतं. एक ओरखडा राहिला तर लांबून आणलेला प्रकाश उंबऱ्यातच सांडतो. टोक ओल्या पॉलिश पेपरवर टेकवायचं आणि इंग्रजी आठ काढत राहायचं, म्हणजे सगळीकडून सारखं घासलं जातं. शाळेत गेलेल्यांनी आयुष्यात जेवढी अक्षरं काढली नसतील तेवढे आठ मी काढले आहेत.

३. नातीला माझी हत्यारं. घासायची पितळी चकती, दोन चिमटे, वर सांगितलेलं भिंग, आणि काचेची तार तोडायची लेखणी, जिला कारखान्यात डायमंड पेन म्हणतात. तिच्या टोकाला खरा हिरा आहे. हिऱ्याची लेखणी बाळगणारी आणि नाव लिहिता न येणारी बाई मीच. बँकेत जे असेल तेही नातीला, तिचं शिक्षण संपेपर्यंत. त्यातून बापाला गाडी घेऊ देऊ नये.

आणि कपाटात खालच्या खणात, रुमालात गुंडाळलेला साबण आहे, तोही तिला. त्याने हात धुऊ नये. त्याचं काय ते पुढच्या कलमात.

४. एक केबल अशी होती की तिच्यात सात तारा. दिव्याकडच्या टोकाला त्या गोल गुच्छात असायच्या आणि यंत्राकडच्या टोकाला एकीखाली एक, उभ्या रांगेत, कारण यंत्राची फट उभी. कनेक्टर पिळून बसवला की आतली रांगही पिळली जायची, फटीला तिरकी व्हायची, आणि सातांतल्या दोनतीन तारांचाच प्रकाश आत जायचा. गिऱ्हाइकं केबली परत पाठवायची. ठपका पॉलिशच्या खोलीवर यायचा, की बायकांनी नीट घासलं नाही. त्यात दोघींना घरी बसवलं. मी घासलेली टोकं त्यांनी घासलेल्या टोकांशेजारी भिंगाखाली ठेवून साहेबांना दाखवली. टायवाले साहेब म्हणाले, बाई, तुमचं काम घासायचं, डोकं लावायचं आमचं. मग त्यांनी डोकं लावलं आणि कनेक्टरवर एक बाण छापला, त्याखाली अक्षरं, ‘ही बाजू वर’. मला ती वाचता येत नव्हती हे कबूल. पण ज्यांना येत होती तेही वाचत नव्हते. शिकलेला माणूस समोर छापलेलं वाचत नाही, हे मला तेव्हा कळलं. टायवाले साहेब माझ्याआधीच गेले आहेत. त्यांना माझ्याकडून माफी नाही, एवढी नोंद असावी.

माझ्याकडे खोकल्याच्या औषधाची बाटली होती. तिला आत बूच, बाहेर पिळायचं झाकण. झाकण फिरतं, बूच फिरत नाही. मी धुण्याच्या साबणाची वडी घेतली आणि चाकूने कनेक्टर कोरला. आतली नळी वेगळी, बाहेरचा नट वेगळा आणि मोकळा. नळीच्या अंगावर एक बारीक खुंटी. यंत्राच्या तोंडाला त्या खुंटीपुरती खाच. खुंटी खाचेत बसली तरच नळी आत जाते, आणि एकदा गेली की बाहेरचा नट कितीही पिळा, रांग उभीच राहते. वाचायचं काही नाही. माझ्यासारखीला, हातमोजे घालूनही, चुकता येणार नाही.

तू तेव्हा नुकताच कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर लागला होतास. घरात सरळ रेघ ओढता येणारा तूच, म्हणून साबण तुझ्यापुढे ठेवला. तू मापं घेतलीस. खुंटी किती रुंद विचारलंस, मी करंगळीचं नख दाखवलं आणि म्हटलं, याच्या निम्मी. आजही ती तेवढीच आहे. कोणाला नखाशी ताडून बघायची असेल तर आता उशीर झाला.

आठ दिवसांनी तू संध्याकाळी एक कागद आणि शाईचा डबा घेऊन आलास. मी विचारलं हे कसलं. तू म्हणालास, “काही नाही गं आई, कारखान्याकडून चष्मा मिळाल्याची पावती आहे. इथे अंगठा दे.” घासून घासून तेव्हाच माझ्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. पहिला अंगठा उठला नाही. मग तू माझं मनगट धरलंस आणि पुन्हा दाबलास. दुसऱ्या दिवशी चष्मा मिळालाही, पांढरा, काचेची कुसळं डोळ्यांत उडू नयेत म्हणून घालायचा. मला वाटलं, पोरगं आईच्या डोळ्यांची काळजी करतं, म्हणून तो न घालता खोक्यातच जपून ठेवला.

पुढे तो कनेक्टर यंत्रायंत्राला लागला. तुला दार असलेली खोली मिळाली. घरात काचेची चौकट आली, तिच्यात कनेक्टरचं चित्र आणि खाली ठळक अक्षरं. तुझ्याकडे राहत होते तेव्हा ती चौकट मी पुसायचे. त्यात माझं नाव नक्की असेल असं धरून चालले होते. कुठलं ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्याच अक्षरांवरून सारखंच फडकं फिरवायचे.

नात आठ वर्षांची झाली, तिला नुकतं वाचता यायला लागलं, आणि दुधाच्या पिशवीपासून विजेच्या बिलापर्यंत हाती लागेल ते ती वाचत सुटली. एका दुपारी तिने तुझ्या प्रमाणपत्रांची फाइल काढली. एकेक अक्षर जोडत ती मोठ्याने वाचत होती आणि मी शेंगा सोलत होते. “मी, खाली अंगठा करणारी, लिहून देते की सदर कनेक्टरच्या रचनेत माझा काहीही सहभाग नाही.” मग तिने मान वर केली. “आजी, सहभाग म्हणजे काय?”

मी म्हटलं, चष्मा.

दुसरं काय सांगणार होते? मला ज्याची पावती म्हणून सांगितलं होतं तेच सांगितलं. पुढे कितीतरी महिने ती पोर चष्म्याला सहभाग म्हणायची. बाबा, तुमचा सहभाग टीव्हीवर राहिला. आजी, तुझा सहभाग पुसून देऊ? घरात हसून हसून पुरेवाट. तूही हसलास. मग एकदा जेवताना तिला विचारलंस, हे तुला कोणी शिकवलं. ती म्हणाली, आजीने. आणि तू हसायचा थांबलास.

त्याला बारा वर्षं झाली. तुला कळलं की मला कळलंय, आणि तू पाण्याचा तांब्या पुढे केलास. मी पाणी प्याले. त्या महिन्यात मी या खोल्यांत राहायला आले. तू लोकांना सांगितलंस, आईला जिने चढायची हौस आहे.

माझं एवढंच म्हणणं आहे. मागितलं असतंस तर दिलं असतं. साबण, खुंटी, नख, नाव, सगळं. आयांना मागून घेतलेल्याचं काही वाटत नाही. तू मागून घेतलं नाहीस, वाचून घेतलंस.

५. मुलास, खोल्यांखेरीज, एक सहभाग, पांढरा, न वापरलेला, खोक्यासकट. पावती तुझ्याकडे आहेच, आता मालही घे.

६. पुढचं वाक्य वाचणाऱ्याने स्वतःचं म्हणून वाचायचं. ‘मी’च्या जागी ‘तो’ म्हटलं तर नातीने बोट उचलावं. पाणी प्यायचं असेल तर आधी पी, नंतर नाही.

“ती पावती चष्म्याची नव्हती. हा कनेक्टर माझ्या आईने केला. कागदात एक होतं, मी दुसरं वाचलं.”

वाचलंस? मग खोल्या तुझ्या. नसेल वाचलंस तर हे ऐकायला तू इथे नाहीसच, आणि मला उगाच बोलायचीही गरज नाही.

७. वकीलबाईंनी या कागदाप्रमाणे सगळं करून घ्यावं. माझ्याबरोबर एकाच टेबलावर तीस वर्षं टोकं घासलेली माझी मैत्रीण, जिला सगळ्या चिमटी म्हणतात, ती साक्षीदार आहे. वकीलबाईंनी तिला समजावलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, एखादं भांडं हवं असेल तर साक्षीदार होऊ नका. ती म्हणाली, भांडं नको, मला त्याला वाचताना बघायचंय.

अंगठ्याला तीनदा शाई लावली, पण नुसता काळा डाग पडतो, रेष एकही नाही. त्या कागदावर माझा शेवटचा धड अंगठा गेला. तेव्हा मला जे काढता येतं ते मी माझ्या हाताने, कोणी मनगट न धरता काढलं आहे, आणि तीच माझी सही समजावी.

लिहून ठेवणारीची खूण: 8

साक्षीदार पहिला: खालच्या दुकानातला शिंपी. सही केली. वाचूनही दाखवलं, एक शब्द न गाळता.

साक्षीदार दुसरी: चिमटी, पॉलिशच्या खोलीतून निवृत्त. सही केली.

लिहिणार: वकीलबाई.

ठिकाण: शिंप्याच्या दुकानावरची पुढची खोली, खिडकीशी.

तारीख: चौदा, वार मंगळवार. महिना आणि साल वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.

वकीलबाई म्हणतात, सहीच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही. म्हणूनच हे इथे लिहायला सांगितलं. याने तुला काही मिळणार नाही आणि तुझं काही जाणारही नाही. करायचं तर आपणहून कर.

सूनबाई एकदा भांडणात बोलून गेली की तू तिला सांगतोस, आईने मला कधी हाताने घास भरवला नाही, परक्याच्या पोरासारखं चमच्याने वाढवलं. खरं आहे. तू दोन वर्षांचा होतास तेव्हा मी या कामाला लागले. काचेची तार तुटली की तिची कुसळं बोटांत राहतात. दिसत नाहीत, धुऊन जात नाहीत. स्वतःच्या घासाबरोबर गेली तर जाऊ देत म्हणून मी हाताने जेवायचे. तुला नाही. पॉलिशच्या खोलीची भिंत तुझ्या खोलीला लागून आहे, आणि एवढ्या वर्षांत तुला हे कोणी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.

वाचून संपेल तेव्हा जेवणाची सुट्टी झाली असेल. त्या दिवशी बायकांना जेवण तू पाठव. तोडावं लागेल, सोलावं लागेल असं काही नको. मऊ भात, दही, कुस्करलेला बटाटा, गरम आणि पोटभर. बरोबर चमचे. ते तू विसरणार, म्हणून एक या लिफाफ्यात ठेवला आहे. तो तुझा.