रुइताची बॅग आणि माझा पाय

६ जानेवारी

बॅग गेली! निळी, चाकांची, फिजीहून बोटीनं मागवलेली. एक दिवससुद्धा घरात टिकली नाही. नणंद आली – ताबेता. बसली, नारळपाणी प्यायली, बॅगेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "वहिनी, बुबुसी करते. ही मला दे."

झालं. बुबुसी म्हणून मागितलं की द्यायचं. नाही म्हणणारं माणूस या बेटावर अजून जन्मलेलं नाही. दिली. ताबेता कुठं जाणार आहे? कुठंही नाही! सुके मासे भरून ठेवील त्यात.

रुइता हसली. "आई, तांदळाच्या पोत्यात नेईन कपडे." तीन वर्षं ब्रिस्बेनला नर्सचं शिकायला चाललीय, आणि पोतं घेऊन! ती हसते आणि माझं डोकं फिरतं.

८ जानेवारी

ही रुइताची शाळेची वही. मागची पानं कोरी होती. मी मिशनमध्ये तीन इयत्ता शिकले, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. असू दे. वाचणार कोण?

लिहिते कारण कुणाला सांगता येत नाही. नाताळाआधी ओहोटीला तिसऱ्या काढायला गेले, वाळूत डब्याचा गंजका पत्रा होता, उजव्या अंगठ्याखाली घुसला. तेव्हा दुखलं नाही. अजूनही दुखत नाही. तेच वाईट. मला साखरेचा आजार आहे. अंगठा काळा पडलाय.

फडकं गुंडाळते. वर फुलं घातलेलं खोबरेल चोपडते, वास येऊ नये म्हणून.

९ जानेवारी

आज बूट गेले. बाउरो म्हाताऱ्यानं मागितले. रुइताच्या बुटात त्याची टाचसुद्धा जाणार नाही!

१३ जानेवारी

चर्चच्या चटया विणायला जाते असं सांगून दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण आहे. फडकं सोडलं तसा मागे सरला.

"गुडघ्याखाली कापावा लागेल. याच आठवड्यात."

"तेवीस तारखेनंतर."

"तेवीसला काय आहे?"

"विमान. पोरीचं."

"बाई, विष विमानाची वाट बघत नाही. वर चढलं तर पाय नाही, जीव जाईल."

"मग त्याला सांगा, घाई करू नकोस म्हणून."

तो हसला नाही. गोळ्या दिल्या.

माझ्या नवऱ्याचं, इओआनेचं, असंच झालं. आधी बोट, मग पाय, मग तो शवपेटीत. रुइता अकरा वर्षांची होती. सहा महिने बापाच्या जखमेवरच्या माश्या वारत बसायची, शाळा सोडून. तेव्हाच म्हणाली, मी नर्स होणार. आता माझा पाय दिसला तर पुन्हा माश्या वारत बसेल. तिला मी ओळखते. आणि तिची जागा कुणी राखून ठेवणार नाही. यादीत तिच्यामागे बारा मुली उभ्या आहेत.

दिसता कामा नये.

१६ जानेवारी

ताबेताचा कुत्रा माझ्या पायाशी येऊन बसतो. हाकलला तरी येतो. दगड मारला तरी येतो!

रुइता म्हणाली, "आई, तू याला गुपचूप खायला घालतेस का?"

हो म्हणाले.

१७ जानेवारी

ताप.

१९ जानेवारी

कुत्रा शोधत ताबेता आली. रुइता पाणी आणायला गेली होती. मी पाय चटईखाली घेऊन बसले होते. ती बोलता बोलता थांबली. नाक वर केलं.

"वहिनी, हा वास मला माहीत आहे. माझ्या भावाच्या अंथरुणाला यायचा."

"सुक्या माशांचा असेल. माझ्या बॅगेत ठेवलेस ना?"

"थट्टा नको. पोरीला सांगते मी."

मी कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही. मीठसुद्धा नाही. लोक म्हणतात, गर्विष्ठ बाई आहे. आहेच. पण आज मागितलं.

"ताबेता, बुबुसी करते. तुझं तोंड मला दे. गुरुवारी विमान उडेपर्यंत."

ती रडली. मला शिव्या दिल्या – मेली, हट्टी, भावाला खाल्लंस तशी स्वतःलाही खाशील. पण दिलं. न देऊन करते काय?

२१ जानेवारी

सकाळी दारात बॅग! कुणी ठेवली, कुणी बोललं नाही. आतून माशांचा वास. रुइता म्हणते, ब्रिस्बेनची सगळी कुत्री माझ्यामागे लागतील. फार हसलो दोघी. मला धाप लागली. ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणून मीच आणखी मोठ्यानं हसले.

२२ जानेवारी

गावच्या मानेआबात, सभेच्या मोठ्या छपराखाली, निरोपाचं जेवण. चटयांवर सगळं गाव बसलेलं. बायका नाचल्या. मी बसूनच होते. बाउरो म्हातारा ओरडला, "काय गं, लेकीसाठी उठवत नाही का तुला?" म्हटलं, "म्हातारी झाले." म्हणाला, "मग मी काय झालो?" सगळे हसले. रुइता हसली नाही. जेवणभर माझ्या पायाकडे बघत होती. मी लुंगी खाली ओढली.

नडगीपर्यंत काळं आलंय. उद्या दुपारी विमान. त्यानंतर दवाखाना. एवढंच.

२३ जानेवारी

विमान आत्ताच डोक्यावरून गेलं. ती आत आहे.

ती निघाली तेव्हा ट्रक दाराशी उभा होता. डोक्यावर फुलांचा हार घातलेली रुइता माझ्यापुढे मांडी घालून बसली. म्हणाली, "आई, बुबुसी करते. पाय दाखव."

मी नाही म्हणाले.