व्हरांड्यातली खुर्ची

प्रिय महिपत,

कल्याणच्या निर्वासित छावणीत एका सिंध्याकडे पापड वाळवायला होतो, तिथं मन रमलं नाही. (पापड मात्र झकास, मिरी भरडून घालतात. असो.) आता ठाण्यात आपल्या मिठागराचे मॅनेजर श्रीपादराव यांच्या बंगल्यावर झाडलोट, बाजारहाट करतो. ऐकून तू थुंकशील. पण पोट संपावर जात नाही रे.

श्रीपादरावांना एका चिनी सेनापतीचं वेड आहे. सून त्झू, अडीच हजार वर्षांपूर्वीचा. तो खरंच होऊन गेला का, यावरही पंडितांची भांडणं आहेत म्हणे. मला आपलं वाटत राहतं, त्याला पोरंबाळं असतील का, तो काय खात असेल. तर लढाई न करता जिंकावं, असं त्याचं सांगणं. मला आधी फार आवडलेलं. रक्त नाही, रडारड नाही.

मग परवा मी चहा घेऊन गेलो, तेव्हा श्रीपादराव मेहुण्यांना आपला संप कसा मोडला ते रंगून सांगत होते. पोलीस नको, लाठी नको. संपवाल्यांतल्या काळुरामला, म्हणजे आपल्या काळूदादाला, रोज ऑफिसच्या व्हरांड्यात बोलवायचं, खुर्चीवर बसवायचं, चहा पाजायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. सगळं आगर बघतंय, एवढंच पाहायचं. पुढचं काम त्यांचीच माणसं करतात. मेहुण्यांनी विचारलं, म्हणजे तो फितूर नव्हताच? छे, म्हणाले, तो कसला फितूर, खुर्चीच्या कडेवर बसायचा बिचारा.

साहेबानं बस म्हटल्यावर नाही म्हणायचं काळूदादाला सुचलं नाही. तुला तरी सुचलं असतं का? तुझ्या शब्दावर तुम्ही त्याला फितूर ठरवून वाळीत टाकलंत. मग उरलेले एकमेकांकडे बघायला लागले, पुढचा फितूर कोण म्हणून, आणि संप विरघळला. लांबलेल्या लढाईनं रयत नागवते, असंही तो चिनी सांगून गेलाय. ते श्रीपादरावांनी वाचलं आणि सोडून दिलं. हेर आणि फूट तेवढी उचलली. त्या सेनापतीचं मागे काय उरलं हे बघायचं तर काळूदादाच्या दारात जावं. रक्ताचा थेंब नाही. वहिनी पाण्याला एकटी लांबच्या विहिरीवर जाते. धाकट्याशी कुणी खेळत नाही.

मी काल बाळकुमला काळूदादाकडे गेलेलो. सोमवारी त्याच्या मुलीचं, मालनचं लग्न आहे. मांडवाला हात लावायला माणूस नाही, बाप-लेक दोघंच बांबू पुरत होते. तुझी आई, गंगुमावशी, गावची धवलारीण. ती मांडवात धवल्याची गाणी गायल्याशिवाय आपल्यात लग्न लागत नाही, आणि तुझा शब्द मोडून गंगुमावशी त्या दारात जाणार नाही. माजिवड्याहून नवऱ्याकडच्यांचा निरोप आलाय, धवलारीण नसेल तर वऱ्हाड निघणार नाही. काळूदादाला मी खुर्चीची सगळी हकीकत सांगितली. बराच वेळ बांबूला दोरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, महिपतला नको सांगू रं, त्याला झोप नाय लागायची. मी सांगतोय. नाही लागली झोप तर जागा राहा, पण सोमवारी आईला पाठव.

रागावलास तरी तुझाच,
दौलत