बांधावरची घरगाडी

६ जानेवारी १९५२
आज नौपाड्यातून बिऱ्हाड हलवले. बिऱ्हाड म्हणजे मी, वळकटी आणि हत्यारांची पेटी; बायको तूर्त तिथेच. माझा मित्र गुरुदत्त, त्याने शब्द पाळला. कल्याणच्या लिलावात घेतलेली लष्कराची जुनी रुग्णगाडी त्याने मला देऊनच टाकली. असा हात दुसऱ्या कोणाचा नाही, म्हणाला. दिवा स्टेशनाकडे त्याचे मिठागर आहे, त्याच्या बांधावर ती उभी आहे. इंजिन उघडून पाहिले, ठणठणीत. आता हिची घरगाडी करायची: बाक, ओटा, दोघांची घडीची खाट. उन्हाळ्यात प्रमोदिनीला घेऊन थेट कन्याकुमारी. गुरू हिला ‘कॅरॅव्हॅन’ म्हणतो. मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला, असे सुनावले. मी कॉलेज पाहिलेले नाही, पण शब्द आणि स्क्रू दोन्ही मला जागच्या जागी लागतात.
शेजारचे शेतमालक गोपीनाथ भेटले. इथे चोरीचे भय आहे का, विचारले. बांधाला राखण आहे, म्हणाले. बरे झाले.

१४ जानेवारी
सागवानी फळ्या बसल्या. पितळी स्क्रूंच्या खाचा सगळ्या उभ्या, एका रेषेत. सुतार ह्याला खूळ म्हणतात.
राखणदार अजून दिसला नाही. लाजरा असावा. दारात चहा-भाकरी ठेवतो. बशी पुसल्यासारखी परत मिळते. आज संक्रांत, म्हणून तिळगूळ ठेवला. ऊन फार होते, तेव्हा बांधाकडे तोंड करून मोठ्याने सांगितलेही, बाबा रे, आत येऊन बसत जा.

१६ जानेवारी
खाचा आडव्या झाल्यात. सगळ्या. उभ्या केल्या, जेवून येतो तो पुन्हा आडव्या. बाकावर मिठाचा पांढरा ठसा आहे, कोणी ओल्या अंगाने बसून उठावे तसा.
गुरू आला, पण बांधाच्या टोकालाच थांबला. बूट नवे आहेत म्हणाला. खाट एकाची केलीस की दोघांची, त्याने विचारले. रविवारी वहिनींना मीच घेऊन येतो, तू हात चालव, म्हणाला.

१८ जानेवारी
गोपीनाथांची आई कमळाबाई आली. राखणदाराला मी रोज जेवू घालतो, हे ऐकताच म्हातारीने दारातली बशी पालथी घातली. राखन मानूस नाय रं बाला, म्हणाली. बांधाचा देव तो. वर्षाला कोंबडा घेतो नि बांध सांभालतो. तू त्याला आत बोलावलास?
तिने सांगितले, गेल्या पावसात बांध फुटला तेव्हा गुरुदत्तने नवस केला, जोडा देईन म्हणून. ह्या मायलेकांना वाटले, कोंबड्यांचा.
जोडा म्हणजे आम्ही. प्रमोदिनी आणि मी. माझ्या पंक्तीला जेवलेला माणूस —
प्रमोदिनीने येऊ नये, एवढा निरोप गोपीनाथांबरोबर नौपाड्याला धाडला.

१९ जानेवारी
स्टेशनकडे निघालो. बांध संपत नाही. चालत राहावे तर समोर पुन्हा गाडीच.
गोपीनाथांनी पलीकडून ओरडून सांगितले — घरी वहिनी नव्हत्या, गुरुदत्तशेठ भेटले, निरोप मी देतो म्हणाले. निर्धास्त राहा.
त्याला नाही, त्याला नाही सांगायचे — ओरडलो. आवाज फुटेना. तोंडात मीठ.
बाकावर कोणी आहे. मी तिकडे पाहत नाही.

२० जानेवारी, दुपार
आली. निळे पातळ. गुरू मागे — नाही, थांबला. टोकालाच. हात करून तिला पुढे पाठवतो आहे, वहिनी, तुम्ही व्हा पुढे, असेच म्हणत असणार — ती हसली त्याच्याकडे वळून —
काचेवर हात आपटतो आहे. तिला वाटते मी बोलावतो. तीही हात हलवते.
हे पान फाडून तिच्याकडे फेकतो. प्रमोदिनी मागे फीर गुरूचे ऐकू न —
बाक करकरला. ते उठले. माझ्या आधी दाराशी — माझ्या आवाजात तिला सांगते आहे, पायरी उंच आहे, हात दे.
ती हात —